धर्माच्या रकान्यात काय लिहायचं? शहापूर-मुरबाडच्या ख्रिस्ती मंडळींना आणि आपल्यालाही

२०२७ च्या फेब्रुवारीत जनगणनेचा प्रगणक शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवर येईल. नाव, वय, शिक्षण विचारील, मग धर्म विचारील आणि यावेळी प्रत्येकाची जातही विचारील. आपल्या वस्तीत या प्रश्नाला उत्तर देताना आज कोणाची जीभ अडखळत नाही. पण या दोन तालुक्यांत अशी घरं आहेत जिथे तो प्रश्न येण्याआधीच नवरा-बायकोत वाद होतो. कातकरीवाडीवरची, ठाकूरपाड्यावरची घरं आहेत आणि पूर्वाश्रमीच्या महार-मातंगांचीही काही आहेत. दर रविवारी कोणाच्या तरी ओटीवर, पडवीत, फार तर पत्र्याच्या शेडमध्ये ही माणसं जमतात, डफलीवर गाणी म्हणतात, पवित्र शास्त्र वाचतात आणि स्वतःला विश्वासणारे म्हणवतात. रविवारी ख्रिस्ती, सोमवारी शाळेच्या दाखल्यावर हिंदू. आता प्रगणकाला कुठला वार सांगायचा?

यावर आपल्या चळवळीतल्या काही मित्रांचं उत्तर तयार असतं : तो त्यांचा प्रश्न आहे. काही जण पुढे जाऊन सांगतात की तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेल्या लोकांबद्दल आपण कशाला बोलायचं? हा लेख मुख्यतः या मित्रांसाठी आहे. थोडासा त्या मंडळींच्या पाळकांसाठीही.

आधी तांदळाचं पोतं बघू. या शब्दामागे एक गृहीतक आहे : गरीब माणसाला भूक असते, विवेक नसतो. त्याला कोणीतरी फसवतं, कोणीतरी विकत घेतं, तो स्वतः काही ठरवत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी त्याआधी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये घेतला. दोघंही ब्राह्मण, दोघांच्याही धर्मांतराने त्या काळी मोठी खळबळ उडाली. पण आज मराठी सारस्वत त्यांच्याकडे कसं बघतं? टिळकांची कविता पाठ्यपुस्तकात येते, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मराठीतलं थोर आत्मचरित्र ठरतं (ते आहेच), रमाबाईंचा आत्मशोध हा प्रबंधाचा विषय होतो. त्यांनी किती तांदूळ घेतला असं कोणी विचारत नाही. मग कातकरणीने तोच निर्णय घेतला की तो प्रलोभन कसा होतो? चित्पावनाचं धर्मांतर साहित्य आणि कातकऱ्याचं धर्मांतर गुन्हा, हा हिशोब कुठल्या ग्रंथातून आला ते आंबेडकरवाद्याला सांगायला नको.

आणि प्रलोभनाचीच गोष्ट काढायची तर शहापूर-मुरबाडमध्ये ती काढायला जरा लाज वाटली पाहिजे. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा शहापूरच्या भातसा धरणातून जातो. तानसा आणि मोडकसागरही याच पट्ट्यातले. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि उचल फिटेपर्यंत मालकाच्या ताब्यात राहतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. त्यानंतर किती वर्षं या भागातून वेठबिगार सोडवावे लागले हे इथल्या कुठल्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारा. भट्टीमालकाने उचल देऊन अख्खं कुटुंब बांधून घेतलं तेव्हा धर्मरक्षकांची गाडी भट्टीवर गेली नाही. त्याच कुटुंबाने रविवारी दोन तास डोळे मिटून प्रार्थना केली की मात्र गाडी येते, मोबाईलचे कॅमेरे चालू होतात, आणि विचारलं जातं : कोणाची परवानगी घेतली?

परवानगीचं उत्तर सरळ आहे. आपल्या घरात माणसं जमवून प्रार्थना करायला परवानगी लागते असा कायदा आपल्या राज्यात नाही. लाउडस्पीकरला लागते, घरातल्या गाण्याला नाही. उलट, शांतपणे चाललेल्या धार्मिक समूहात मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत तो कलम २९६ खाली होता, म्हणजे तरतूद इंग्रजांच्या काळापासूनची. पण पाड्यावर कायदा पोलीस ठाण्यातून पोचतो, आणि ठाण्यात ज्यांच्या सभेत घुसखोरी झाली त्यांनाच बसवून ठेवलं जाणार असेल तर कलम पुस्तकात राहतं. राज्याचं वातावरणही तसंच तयार केलं गेलं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारने धर्मांतरविरोधी कायद्याच्या अभ्यासासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जूनमध्ये भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी ख्रिस्ती धर्मगुरूंवर हल्ला करणाऱ्यांना लाखांच्या बक्षिसाची भाषा जाहीर सभेत केली. त्याच्या निषेधासाठी ११ जुलैला आझाद मैदानावर ख्रिस्ती समाज उतरला. मुंबईकरांना निदान मैदान आहे. पाड्यावरच्या पंधरा माणसांच्या मंडळीने कुठे जमायचं?

लोकसंख्येच्या भीतीचंही एकदा बघून घेऊ, कारण आपले काही मित्रही ती फॉरवर्ड करत असतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १०,५८,३१३ होते, म्हणजे १.०९ टक्के. २०११ मध्ये १०,८०,०७३, म्हणजे ०.९६ टक्के. टक्का घटला. देशात १९७१ ला २.६ टक्के होते, २०११ ला २.३. यावर समोरचा म्हणतो, ते लपवतात हो, कागदावर हिंदू राहतात. बरं, लपवतात असं धरून चालू. मग का लपवतात?

इथे आपल्या घरातली आठवण काढावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातला तिसरा परिच्छेद तेव्हाही होता : हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्धांची भर पडायला १९९० उजाडावं लागलं, व्ही. पी. सिंग यांचं सरकार यावं लागलं. मधली चौतीस वर्षं आपण काय केलं? महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी, शिष्यवृत्तीसाठी, राखीव मतदारसंघासाठी दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिलं गेलं. घरात बुद्धमूर्ती, वाड्यावर पंचशील ध्वज, आणि फायलीत हिंदू महार. आपल्या आजोबांनी ते केलं. त्यांना कोणी ढोंगी म्हटलं तर आपण त्याची कॉलर धरू, आणि धरलीच पाहिजे. दोष कायद्याचा होता. सरकारने धर्म आणि भाकरी यांची गाठ मारून ठेवली होती आणि माणसाला त्यातलं एक निवडायला लावलं होतं.

तीच गाठ आज दलित ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात आहे. आपली सुटली, त्याची राहिली, एवढाच फरक. मद्रासच्या सूसाई या चांभाराचा खटला १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. रस्त्यावर बसून चपला शिवणाऱ्या अनुसूचित जातीच्या लोकांना सरकार टपऱ्या देत होतं, सूसाईला नाकारली, कारण तो ख्रिस्ती होता. तोच रस्ता, तीच आरी, तीच जात, पण टपरी नाही. न्यायालय म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही तेवढाच जातीय जाच राहतो याचा पुरावा पुरेसा नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने तिसरा परिच्छेदच काढून टाका अशी शिफारस केली, ती धूळ खात पडली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बाळकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाची फसवणूक ठरवली. आणि २०२५ च्या जुलैत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की हिंदू, बौद्ध, शीख सोडून इतर धर्माच्या माणसाने घेतलेलं अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र रद्द होईल. त्याच वर्षी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरची अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार टिकू दिली नाही : तुम्ही ख्रिस्ती झालात, आता तुम्ही अनुसूचित जातीचे नाही. शिवी देणाऱ्याला मात्र त्याची जात नेमकी आठवत होती.

आदिवासींचं वेगळं आहे, आणि हे पाड्यापाड्यावर सांगितलं गेलं पाहिजे कारण भीतीचा सगळ्यात मोठा धंदा इथेच चालतो. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. कातकरी ख्रिस्ती झाला, बौद्ध झाला, की निसर्गपूजक राहिला, तो कातकरीच. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये केरळच्या चंद्रमोहनन खटल्यात म्हटलं आहे की केवळ धर्म बदलला म्हणून माणूस आपोआप जमातीबाहेर जात नाही, तो जमातीचा राहिला आहे का हे तपासावं लागतं. 'डीलिस्टिंग'ची मागणी करणाऱ्यांना नेमकं हेच बदलायचं आहे. कायदा अजून बदललेला नाही, पण बदलल्यासारखी धमकी वाड्यावाड्यांवर दिली जाते : दाखला जाईल, वनपट्टा जाईल, रेशन बंद होईल. रेशनचा धर्माशी काय संबंध? काहीच नाही. पण वाचता न येणाऱ्या माणसाच्या दारात दहा गाड्या लावून बोललं की तो संबंध तयार होतो.

आता 'त्यांचा प्रश्न' म्हणणाऱ्या मित्रांकडे वळतो. धर्मांतरविरोधी कायदे पहिल्यांदा ओडिशात १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशात १९६८ मध्ये आले, मिशनऱ्यांचं नाव घेऊन. गुजरातचा २००३ चा. त्याच गुजरातच्या गृह खात्याने ८ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढून स्पष्ट केलं की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायचं असेल तरी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. म्हणजे बावीस प्रतिज्ञा घेण्याआधी कलेक्टर कचेरीत अर्ज. आपण वर्षानुवर्षं ओरडत होतो की बौद्ध धम्म हिंदू धर्माची शाखा नाही. सरकारने ते मान्य केलं, पण कुठे? परवानगीच्या अर्जात! २०२२ मध्ये दिल्लीत बावीस प्रतिज्ञांच्या कार्यक्रमाला हजर राहिल्याबद्दल राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावं लागलं, तेही भाजपचं नव्हे, आम आदमी पक्षाचं. चर्चसाठी विणलेलं जाळं आहे म्हणून आपण निवांत असू तर जाळ्याची भोकं मोजून बघा, दीक्षाभूमी त्यात आरामात बसते.

दुसरं उदाहरण बस्तरचं, ते वाचताना मला शहापूर दिसत होतं. छत्तीसगडमधल्या छिंदवाडा गावात २०२५ च्या ७ जानेवारीला एक वयोवृद्ध पास्टर वारले. कुटुंब महारा जातीचं, गावातलंच, त्यांचे आधीचे लोक तिथेच पुरलेले. गावाने माती देऊ दिली नाही. प्रेत शवागारात, मुलगा आधी उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एक म्हणाल्या, स्वतःच्या शेतात पुरू द्या. दुसरे म्हणाले, ख्रिस्त्यांच्या ठरलेल्या दूरच्या दफनभूमीत न्या. शेवटी दूर न्यावं लागलं. वीस दिवस. महाराष्ट्रात स्मशानाच्या वाटेवर अडवलेली आपली किती प्रेतं आठवतात? तिकडच्याच कांकेर जिल्ह्यात पास्टरांना गावबंदीचे फलक लागले, पेसाच्या ग्रामसभेचा आधार दाखवून, आणि उच्च न्यायालयाने ते फलक चालवून घेतले. शहापूर तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचीही काही गावं आहेत. पेसा आदिवासींच्या जल-जंगल-जमिनीच्या हक्कासाठी मिळवलेला कायदा. तो शेजाऱ्याला गावाबाहेर काढायला वापरायचा की धरणाचं पाणी मागायला, हे इथल्या ग्रामसभांना लवकरच ठरवावं लागेल.

पण समोरच्या बाजूलाही बोललं पाहिजे, नाहीतर ही नुसती वकिली होईल. बाबासाहेबांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर निबंध आहे. चर्चमध्ये जात कशी शाबूत राहिली आणि ख्रिस्ती अस्पृश्य अन्यायाविरुद्ध संघटित का झाला नाही, हे दोन्ही प्रश्न त्यांनी विचारले आहेत. ते आजही उभे आहेत. शहरातल्या मोठ्या चर्चेस, ज्यांच्याकडे कॉन्व्हेंट आहेत, वकील आहेत, जमिनी आहेत, त्या पाड्यावरच्या पत्र्याच्या शेडला आपलं मानतात का? 'ते स्वतंत्र पास्टर आहेत, आमच्या पंथाचे नाहीत' हे वाक्य अडचणीच्या वेळी फार पटकन बाहेर येतं. आणि पाड्यावरचे काही पाळकसुद्धा सांगतात की तक्रार करू नका, प्रार्थना करा, प्रभू बघून घेईल. क्षमेला माझा विरोध नाही. पण ज्याने हल्ला केला त्याच्या नावाची साधी नोंद पोलिसांत होऊ न देणं ही क्षमा नाही. भीतीनेच श्रद्धेचा झगा घातला आहे. तुमच्या शुभवर्तमानात नाताळच्या रात्री देवदूत मेंढपाळांना पहिली गोष्ट काय सांगतो? न भिण्याची. ते मेंढपाळही रानात राहणारी गरीब माणसंच होती.

चंगाईबद्दलही स्पष्ट बोलतो. प्रार्थनेने आजारी माणसाला धीर येत असेल तर येवो. पण क्षयाच्या गोळ्या बंद करा असं कोणी सांगत असेल, मग तो भगत असो की पास्टर, त्याला जादूटोणाविरोधी कायदा लागू झाला पाहिजे. २०१३ चा तो कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर आला. मंडळीत कोणी असं करत असेल तर मंडळीनेच त्याला थांबवावं, कारण विरोधक एका अशा माणसाचा व्हिडिओ दाखवून शंभर घरांवर चालून जातात.

मग प्रगणकाला काय सांगायचं? आदिवासी विश्वासणाऱ्याने धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती आणि जमातीच्या रकान्यात आपली जमात, दोन्ही बेधडक लिहावं असं माझं मत आहे. आज त्याने कायद्याने काही जात नाही, आणि लपल्याने 'लपून वाढतात' या आरोपाला खत मिळतं. जनगणना कायदा १९४८ चं कलम १५ सांगतं की प्रगणकाच्या नोंदी कोणाला बघायला मिळत नाहीत, आणि त्या कायद्याखालचा खटला सोडला तर कुठल्याही दिवाणी-फौजदारी प्रकरणात पुरावा म्हणून चालत नाहीत. तुम्ही सांगाल तेच लिहिणं प्रगणकाचं काम आहे. शिक्षक असो की तलाठी, त्याने स्वतःच्या मनाने 'हिंदू' टिचकी मारली तर थांबवा, वाचून दाखवायला लावा.

दलित ख्रिस्ती घराला मात्र मी हे इतक्या सहज सांगू शकत नाही. कलम १५ त्यांनाही लागू आहे, पण पोराची शिष्यवृत्ती, नोकरी, अ‍ॅट्रॉसिटीचं संरक्षण या सगळ्याची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. १९९० नंतर दाखला हातात आलेल्या माणसाने त्यांना धैर्याचे धडे द्यायचे हे शोभत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सवलती जातील या भीतीला उत्तर दिलं होतं. ज्याने हक्क मिळवून दिले तो ते पुन्हा मिळवून देईल, असा त्या उत्तराचा आशय होता. ते म्हणणारा माणूस आज त्यांच्याकडे नाही. ती जागा कोणी घ्यायची? तिसरा परिच्छेद रद्द करा ही मागणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, आपल्या बॅनरवर किती वेळा दिसली? आपल्यातलेच काही म्हणतात की त्यांना आत घेतलं तर आपला वाटा कमी होईल. १९९० मध्ये बौद्धांच्या समावेशाविरुद्ध हेच म्हणणारे होते. वाटा कमी पडत असेल तर वाढवून मागू, त्यासाठी जातनिहाय जनगणना होतेच आहे. पंगतीत आपण बसल्यावर दार लावून घेणं आपल्याला कोणी शिकवलं?

नाताळ जवळ आला आहे. या दिवसांत अडवणूक होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शहापूर-मुरबाडच्या ज्या मंडळींना धमक्या आल्या असतील त्यांनी आधीच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा : उपासना कुठे, किती वाजता, धमकी कोणी दिली, कोणासमोर. अर्जात कलम ३०० लिहावं. विहिरीवर पाणी बंद, किराणा बंद, कामाला बोलावणं बंद, मातीला जागा नाही असं काही झालं असेल तर महाराष्ट्र सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिनियम, २०१६ चं नाव लिहावं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा तो कायदा आहे. आणि आपल्या शाखांनी, विहार समित्यांनी त्या अर्जासोबत दोन माणसं पाठवावीत. निळा गमछा घालून गेलं तरी चालेल, ठाणे अंमलदाराला कळलं पाहिजे कोण आलं आहे. अर्जाची दुसरी प्रत ठेवा आणि तिच्यावर शिक्का-सही घेतल्याशिवाय ठाण्याच्या पायऱ्या उतरू नका.